वास माझा नाही

माझ्या खोलीला वास येतो, असं आधी सूनबाई म्हणाली. मग चिरंजीव म्हणाले. पुढे कधीतरी त्या वाक्यातली खोली गळून पडली आणि वास थेट माझ्या नावावर चढला.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. आमच्या घरातले सगळे फार सभ्य. सूनबाई दार उघडून आत यायची, नाकपुड्या एकदा आकसायच्या आणि मग गोड आवाजात विचारायची, "आई, तुमची चादर धुवायला टाकू का?" चादर कालच धुतलेली असायची. चिरंजीव तर आतच यायचे नाहीत. चौकटीला धरून बाहेरूनच बोलायचे. एकदा मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाले, "वय झालं की अंगाचा वास बदलतो म्हणे, आई. त्यात लाजण्यासारखं काही नाही." मी म्हटलं, "मी कुठे लाजतेय?" पण दुसऱ्या दिवसापासून मी दोनदा आंघोळ करायला लागले. आठवड्याभरात तीनदा. साबण बदलला, तेल सोडलं, लोकरी शाल तीन पाण्यांतून काढली. शालीचा पार बोळा झाला. वास होता तिथेच.

माझी नात सात वर्षांची. घरात तिला ठमी म्हणतात. शाळेतून आली की दप्तर भिरकावून माझ्या पलंगावर चढायची आणि माझ्या पोटाला टेकून दिवसभराच्या भानगडी सांगायची. तिला मीच एक दिवस म्हटलं, "खुर्चीत बस गं, इथे उकडतं." डोक्यावर एसी चालू होता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग निमूट खुर्चीत जाऊन बसली. हे आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं. चिरंजीवांवर आणि सूनबाईवर जेवढा राग येतो त्याच्या दुप्पट स्वतःवर येतो. बत्तीस वर्षं मी ज्या नाकावर पोट भरलं, त्या नाकाला एका शब्दाने न विचारता मी दुसऱ्यांचं ऐकलं होतं.

मी कापडाच्या गोदामात ओल तपासायचे. गाठी, म्हणजे आवळून शिवलेले कापडाचे गठ्ठे, आल्या की प्रत्येकीचा कोपरा उसवायचा, आत मनगटापर्यंत हात घालायचा, मग डोळे मिटून नाक लावायचं. नुसतं भिजलेलं कापड वेगळं, ओल धरलेलं वेगळं आणि बुरशी लागलेलं वेगळं. माझं नाक तिन्हींत कधी चुकलं नाही. मी 'नाही' म्हटलं की मालकसुद्धा गाठ पुढे पाठवत नसे. आता वय एकाहत्तर. गुडघे गेले, कान अर्धे गेले, नाक मात्र शाबूत आहे.

मंगळवारी रात्रीची जेवणं झाल्यावर चिरंजीवांनी टेबलावर एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका ठेवली. ज्येष्ठांसाठीचं निवास. बाग, नर्स, वाचनालय, स्वतंत्र खोली.

"रविवारी जाऊया आपण," ते म्हणाले. "महिनाभर राहून बघ. नाही आवडलं तर परत ये. सक्ती थोडीच आहे?"

"तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय आम्ही," सूनबाई म्हणाली. "त्या खोलीत तुम्हाला खोकलाही किती होतो, आई. ही जागा छान हवेशीर आहे."

खोकला खरा होता. पहाटे उबळ आली की पंधरा मिनिटं थांबायची नाही.

"आणि माझ्या खोलीचं काय?" मी विचारलं.

"तिला रंग देऊ. जरा मोकळी ठेवू. म्हणजे वास जाईल," चिरंजीव म्हणाले.

म्हणजे मला उचललं की वास जाणार. नर्स असलेल्या बागेत मला नेऊन ठेवायचं आणि इकडे भिंतीला रंग मारायचा. मी पुस्तिका पालथी घातली आणि झोपायला गेले. झोप कसली लागतेय. अंगाची नुसती आग होत होती. आणि त्या आगीतच मला गोदामाचा नियम आठवला.

गोदामात एखाद्या गाठीला वास आला, म्हणून लगेच तिच्यावर खापर फोडायचं नाही. कापडाची जातच तशी, शेजाऱ्याचा वास अंगाला लावून घेणारी. संशयित गाठ बाजूला काढायची, दिवसभर मोकळ्या हवेत ठेवायची आणि मग दोन ठिकाणी नाक लावायचं. एकदा गाठीला आणि एकदा ती जिथे होती त्या जागेला. जागेचा वास तसाच राहिला तर गाठ निर्दोष. शिवाय स्वतः उघडलेली गाठ स्वतः पास करायची नाही, दुसऱ्याचं नाक घ्यायचं. आपल्या हाताखालचा वास आपल्याला कळेनासा होतो.

बुधवारी सकाळी मी स्वतःलाच गाठ ठरवलं. कपडे, उशी, चादर, शालीचा बोळा, सगळं उचलून हॉलमधल्या सोफ्यावर आणलं. खोलीचं दार आणि एसी दोन्ही बंद केले. पाठ धरलीय, सोफा बरा वाटतो, असं घरात सांगितलं. दिवसभर खिडकीत बसले, रात्री तिथेच झोपले. पहाटे जाग आली ती नेहमीच्या वेळेला, पण उबळ आली नाही. मी पडल्या पडल्या वाट बघत होते, तरी आली नाही.

गुरुवारी सगळे आपापल्या कामाला गेले. आता दुसरं नाक हवं होतं. आणि ते असं हवं होतं, जे माझी भीड ठेवणार नाही. अशी बाई शेजारीच राहत होती. एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. अख्खी इमारत तिला हेडबाई म्हणते. दारासमोरच्या चपलांच्या कपाटावरून आमचं वाजलं होतं आणि वर्षभर आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. मी तिची बेल दाबली.

"काय?" दार चार बोटं उघडून तिने विचारलं.

"माझ्या मानेचा वास घ्या."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. माझ्याबद्दल चांगलं बोलायची तुम्हाला काही गरज नाही, म्हणून तुमच्याकडे आले."

हे तिला पटलं असावं. तिने दार पूर्ण उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि वही तपासावी तशी माझी मान तपासली. कानामागे, खांद्याला, पदराला नाक लावलं.

"साबण," ती म्हणाली. "आणि जरा बाम."

"कुबट वास येतो का?"

"कुबट तुमचं बोलणं असतं. तुम्हाला नाही येत."

तिच्यावर पुन्हा चिडायलाही मला वेळ नव्हता. हात धरून तिला माझ्या खोलीत आणलं. आत किंचित कोंदट होतं, एवढंच. मग मी रिमोट उचलून एसी सुरू केला आणि आम्ही दोघी पलंगाच्या कडेवर बसलो. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, न भांडता. पाच मिनिटंही झाली नसतील. हेडबाईने पदर नाकाला लावला.

"शी! ओलं पायपुसणं गच्च कोंबून ठेवल्यासारखा वास येतोय."

"आपण आत आलो तेव्हा येत होता का?"

"एसी लावायच्या आधी येत नव्हता," ती ठणकावून म्हणाली. "लिहून हवं असेल तर लिहूनही देते."

त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू! सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं हसावंसं वाटलं आणि त्याच वेळी ढसाढसा रडावंसंही. दोन महिने मी घासघासून धूत होते ती माझी कातडी. काहीही दोष नसलेली, एकाहत्तर वर्षांची, माझी स्वतःची कातडी.

पण नुसत्या बोलण्याने चिरंजीव ऐकणारे नव्हते. ते घरसजावटीचं काम करतात आणि गेल्या वर्षी माझी खोली त्यांनी स्वतः नव्याने केली होती. घरात एकही वायर, एकही पाइप दिसता कामा नये, हा त्यांचा बाणा. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते "शोधा पाहू पाइप कुठेय" असं विचारायचे आणि पाहुण्याने हात टेकले की खूश व्हायचे. एसीसुद्धा त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या खोक्यात बसवला होता. सर्व्हिसला आलेला माणूस खोकं बघून बिचकला, पट्ट्यांमधून कसलासा फुलांच्या वासाचा फवारा मारून सही घेऊन गेला. आठवडाभर फुलं आणि पायपुसणं असा मिसळलेला वास आला, मग फुलं गेली.

मी पांढरा धुतलेला हातरुमाल घेतला, स्टुलावर चढले आणि थंड हवा येते त्या पट्टीला बांधला. हेडबाई खाली माझे पाय धरून उभी होती आणि पडलात तर मी जबाबदार नाही असं घोकत होती. दुपारी रुमाल काढला. त्यावर खसखशीएवढे काळे ठिपके होते. बोटाने चोळले तर काजळासारखे पसरले. नाकाशी नेला आणि डोळे मिटले. बुरशी. माझं नाक चुकत नाही.

लिफ्टशेजारी एका एसी कारागिराचा नंबर चिकटवलेला होता. त्याला फोन केला. तो इतक्या सावकाश बोलायचा, की मला दोनदा वाटलं फोन कट झाला.

"बघू... सोमवारी... जमेल."

"सोमवारी मी इथे नसेन," मी म्हटलं. "रविवारी हे लोक मला घराबाहेर काढतायत. तुमच्या त्या मशीनच्या पायी."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "शनिवारी सकाळी येतो, आजी."

शनिवारी तो आला तेव्हा घरात सगळे होते. पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या, चाल अशी की जिना चढून येता येता निवृत्त होईल. हेडबाईने दारातच त्याचं नाव थंडोबा ठेवलं. ती बोलावल्याशिवायच आली होती आणि खुर्ची घेऊन बसली होती.

"हे काय चाललंय?" चिरंजीव खोलीच्या दारात आडवे झाले. "त्या पॅनेलला हात लावायचा नाही हं. त्याचं पॉलिश जाईल. आणि सर्व्हिसिंग झालंय आई, तू उगाच..."

"बाजूला हो," मी म्हटलं.

"आई, उद्या निघायचंय आपल्याला. आता हा पसारा कशाला?"

"उद्या निघायचंय म्हणूनच. आरोप माझ्यावर आहे ना? मग तपास माझ्यासमोर होईल. बाजूला हो."

चिरंजीवांनी बायकोकडे बघितलं. सूनबाई म्हणाली, "बघू दे ना त्यांना." ते हटले.

थंडोबाने चहा घेतला. तोही सावकाश. मग शिडीवर चढून मला म्हणाला, "आजी, या कामात राहून माझं नाक गेलंय. मला काही कळत नाही. वास कुठून येतो ते तुम्ही सांगा, मी उघडतो."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी माझ्या नाकाला काही विचारत होतं. मी त्याच्या शिडीपाशी उभी राहिले, डोळे मिटले. "डावीकडून. खालच्या बाजूने."

लाकडी खोकं निघालं. मग एसीचं पांढरं झाकण निघालं. थंडोबाने टॉर्च मारला आणि शिडीवरून उतरून चिरंजीवांना वर चढायची खूण केली. चिरंजीव चढले. आत बघितलं. तोंड फिरवलं आणि तसेच खाली आले.

मग मी चढले. सगळे नको नको म्हणत असताना चढले. थंड पाणी साठतं तो ट्रे काठोकाठ भरलेला होता आणि त्यावर शेवाळासारखी साय धरलेली होती. त्यामागे हवा फेकणारा लांबुळका पंखा. त्याच्या पात्यापात्यावर काळा, ओला, मखमली थर. ती हवा रोज रात्री माझ्या तोंडावर येत होती.

"पाणी बाहेर का जात नाही?" थंडोबा स्वतःशीच म्हणाला आणि पाइपचा माग काढायला लागला. पाइप भिंतीतल्या पॅनेलमागे शिरत होता. तो ठोकत ठोकत दरवाजापर्यंत गेला, मग ठोकत ठोकत चौकटीच्या वर. "हा पाइप इथे वर चढलाय. चौकटीवरून पलीकडे बाथरूममध्ये उतरवलाय. ट्रे काठोकाठ भरला की मगच थोडं पाणी पलीकडे जातं. कुणी टाकला हा?"

हेडबाईने चिरंजीवांकडे असं बघितलं, की गृहपाठ न केलेलं पोरही विरघळलं असतं.

"सरळ बाहेर काढला असता तर खिडकीजवळ दिसला असता," चिरंजीव हळूच म्हणाले.

"साहेब, पाणी वर चढतं होय?" थंडोबाने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यामुळे ते जास्त लागलं.

तीन तास काम चाललं. एसीखाली प्लॅस्टिकचा मोठा झोळ बांधून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्याने पंखा आणि जाळी धुतली. झोळातून बादलीत काळं पाणी पडत होतं. पहिली बादली काळी. दुसरी काळी. तिसरी राखाडी. बादल्या उचलून बाथरूममध्ये नेत होते ते चिरंजीव. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, त्यांचे तेच उचलायला लागले होते. सूनबाई भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्या बादलीला ती माझ्याजवळ आली.

"आई, मी तुम्हाला रोज चादर..." तिने बादलीतल्या काळ्या पाण्याकडे बघितलं. "मला खरंच वाटायचं की... मी फार वाईट वागले."

"वागलीस," मी म्हटलं. मग तिचा चेहरा बघवेना म्हणून तिचा हात धरला. "पण आता बोललीस. ते पोचलं."

थंडोबाने खिडकीशेजारी भिंतीला भोक पाडलं आणि नवा पाइप उतरत्या अंगाने सरळ बाहेर काढला. पांढराशुभ्र, हातभर लांब, खोलीत शिरल्याबरोबर डोळ्यांत भरणारा.

"हा तर फारच दिसतोय," चिरंजीव म्हणाले.

"दिसू दे," मी म्हटलं.

जाताना त्याने मला सगळं समजावलं. एसी एकदम बंद करायचा नाही, आधी अर्धा तास नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे आतली ओल सुकते. जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवायच्या. रोज थोडा वेळ खिडकी उघडायची. हेडबाईने ते कागदावर उतरवून घेतलं आणि कागद माझ्या हातात देऊन निघून गेली. चपलांच्या कपाटाबद्दल अवाक्षर नाही.

संध्याकाळी मी माझ्या खोलीत परतले. उशी, चादर, शाल, सगळं जागच्या जागी लावलं. एसी लावला आणि तासभर बसून राहिले. हवा आली, थंडावा आला, वास आला नाही. थोड्या वेळाने दोघं आत आले. चिरंजीव चक्क माझ्या पलंगावर बसले.

"वास गेला की गं, आई," ते म्हणाले. "बरं झालं."

"झालं."

मग ते म्हणाले, "मग उद्या साधारण दहाला निघूया का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कान अर्धे गेलेत ना. "कुठे?"

"निवासात. सगळं ठरलंय आता. तुला बागही आवडेल. नुसतं राहून बघायला काय हरकत आहे?"

"वासासाठी नेणार होतास. वास गेला."

"हो, पण..."

"पण काय? आता खरं कारण सांग."

तो चादरीचं टोक पिळायला लागला. सूनबाई त्याच्याकडे बघत होती. तिलाही ते ऐकायचं होतं, हे मला स्पष्ट दिसलं.

"मी कामाची बाहेरची जागा सोडतोय," शेवटी तो म्हणाला. "घरूनच काम करणार आहे. माणसं येणार, नमुने ठेवायचे, टेबल लागणार. ही खोली लागेल मला."

"हे तू मलाही सांगितलं नव्हतंस," सूनबाई म्हणाली.

"वास खरा होता!" तो कळवळून म्हणाला. "मी खोटं नाही बोललो, आई."

"नाही बोललास. सोयीचं तेवढं खरं बोललास."

माझा आवाज चढला नव्हता. मला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटलं. बत्तीस वर्षं मी असाच निकाल द्यायचे, आवाज न चढवता.

"खोली हवी होती तर खोली मागायचीस," मी म्हटलं. "मी तुझी आई आहे, विचार केला असता. हॉलमध्ये पडदा लावून राहिले असते, कुरकुर करत का होईना. पण तू खोली मागितली नाहीस. तू मला माझ्याच अंगाची लाज वाटायला लावलीस. दोन महिने मी तुझ्या मुलीला जवळ घेतलं नाही. म्हणून आता नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. उद्या नाही, पुढच्या रविवारी नाही, आणि खोलीही नाही. तुझं टेबल तुझ्या खोलीत लाव."

तो उठला. खांदे पडलेले. क्षणभर मला तो शाळेतून मार खाऊन आलेला दिसला, पण शब्द मी मागे घेतला नाही. सूनबाई आधी बाहेर गेली. जाताना आपल्यामागे दार ओढून घेण्यासाठी त्याचा हात कडीवर गेला. वास घरभर पसरू नये म्हणून गेले दोन महिने ते दार असंच बाहेरून ओढून घेतलं जायचं, मी आत जागी असताना, बोलत असतानासुद्धा.

"उघडं ठेव," मी म्हटलं.

त्याने कडीवरचा हात काढला.